सहावं कूळ

[दृश्य : डोंगरउतारावरचं गाव, मोकळ्या जागेत घातलेले मांडव, गटागटानं बसलेली माणसं.]

साल २०००. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा जिबूती हा चिमुकला देश, आणि त्यातलं आर्ता हे डोंगरावरचं गाव. शेजारच्या सोमालियात १९९१ पासून सरकार म्हणावं असं काही उरलेलं नाही. लढून दमलेली माणसं इथं तहाची बोलणी करायला जमली आहेत. बसायचं कसं ते आधीच ठरलंय : कुळाप्रमाणे. चार मोठी कुळं, आणि उरलेल्या लहान समूहांचं मिळून पाचवं. ज्याला काही म्हणायचं असेल, त्यानं आपल्या कुळामार्फत म्हणावं.

मग बाईनं कुणामार्फत म्हणायचं?

सोमाली बाई जन्मानं बापाच्या कुळातली. लग्न होऊन ती अनेकदा दुसऱ्या कुळात जाते, आणि तिची मुलं नवऱ्याच्या कुळाची होतात. एरवी ही सोयरीक दोन कुळांना बांधून ठेवते. लढाई पेटली की मात्र एका बाजूला भाऊ उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला नवरा. माहेर म्हणतं, ती आता त्यांची झाली. सासर म्हणतं, ती मुळात त्यांचीच लेक. आशा हागी एल्मी या कार्यकर्तीनं हे स्वतः सोसलं होतं. आर्ताला आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी जाहीर केलं : आम्ही सहावं कूळ.

पाचही गटांतल्या बायका त्यात होत्या. पुरुष ज्या हिशेबानं जागा वाटून घेत होते, त्याच हिशेबात त्यांनी आपली जागा मागितली. कुळं मोजताय ना, मग हे एक आणखी मोजा. त्या परिषदेतून जी हंगामी संसद ठरली, तिच्या २४५ जागांपैकी २५ जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. चार वर्षांनी, केनियात झालेल्या बोलण्यांमध्ये, एल्मी यांनी करारावर सही केली. सोमालियाच्या तहनाम्यावर बाईची सही त्याआधी कधी पडली नव्हती.

त्यानंतरही सोमालियातली लढाई थांबली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. तरी ही गोष्ट आधी घेतली, कारण आपण जो प्रश्न हातात घेतलाय त्याचं उत्तर शोधायला ती फार उपयोगी पडते. प्रश्न असा : देशादेशांमधल्या, सैन्यांमधल्या, बंडखोर आणि सरकारांमधल्या वाटाघाटीत बाई आणि पुरुष वेगळे वागतात का? आणि वागत असतील, तर कशामुळे?

[दृश्य : जुनी तैलचित्रं, दरबार, तहाच्या सभा. सगळीकडे पुरुष.]

या प्रश्नाला दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणतं, बाई मुळातच शांत, समजूतदार. तिच्या हाती कारभार असता तर युद्धंच झाली नसती. दुसरं म्हणतं, बाई मऊ पडते, समोरच्याला हवं ते देऊन बसते. पहिलं उत्तर कौतुकाचं आणि दुसरं हिणवणारं, पण दोन्ही उभी आहेत एकाच समजुतीवर : जे काही आहे ते बाईच्या स्वभावात आहे.

कौतुकाचं उत्तर आधी तपासू. ओइंद्रिला दुबे आणि एस. पी. हरीश या संशोधकांनी १४८० ते १९१३ या काळातल्या युरोपातल्या राजसत्तांचा अभ्यास केला. राणी गादीवर असताना राज्य युद्धात असण्याची शक्यता राजाच्या काळापेक्षा जास्त निघाली. कारणं गुंतागुंतीची होती. अविवाहित राणीचं राज्य शेजाऱ्यांना सोपी शिकार वाटे, म्हणून हल्ले होत. विवाहित राणी नवऱ्यावर काही जबाबदाऱ्या सोपवू शके, त्यामुळे तिचं बळ वाढे आणि ती स्वतः चढाई करू शके. राजे सहसा बायकोला असा वाटा देत नसत. म्हणजे इथंही फरक पडला तो शेजाऱ्यांच्या नजरेमुळे आणि कामाच्या वाटणीमुळे. माया, ममता, आईचं काळीज यांचा त्यात कुठं पत्ता लागत नाही.

आता दुसरं उत्तर. अमेरिकेतल्या लिंडा बॅबकॉक यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांना विचारलं, पहिल्या नोकरीत पगारावर घासाघीस केलीत का? ५७ टक्के पुरुष हो म्हणाले, बायका फक्त ७ टक्के. हा आकडा जगभर फिरला. बायकांना मागताच येत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढच्या प्रयोगांनी त्यातली दुसरी बाजू दाखवली. तेच वाक्य, तीच मागणी, पण बाईनं केली की ऐकणाऱ्याला ती जड वाटते. हिच्याबरोबर काम नको असं लोक म्हणायला लागतात. बाईला हे ठाऊक असतं. ती मागत नाही, कारण मागण्याची किंमत तिच्याकडून वेगळी वसूल केली जाते.

आणि मग सापडला तो धागा, जो मला या सगळ्या संशोधनात सर्वात मोलाचा वाटतो. हीच बाई स्वतःसाठी न मागता दुसऱ्या कुणासाठी मागायला बसली, तर तिची मागणी वाढते, आवाज चढतो, आणि ऐकणाराही तिला तेवढी शिक्षा करत नाही. आपल्या माणसांसाठी भांडणारी बाई जगाला ओळखीची आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं दहा हजारांहून अधिक लोकांवरचे प्रयोग एकत्र तपासले. सरासरीनं पुरुषांच्या पदरात थोडं जास्त पडत होतं. पण अनुभव असेल, किती ताणायला जागा आहे याची माहिती हातात असेल, किंवा बाई दुसऱ्याच्या वतीनं बोलत असेल, तर तो फरक कमी होत होता.

मुत्सद्देगिरी म्हणजे काय? कायम दुसऱ्याच्या वतीनंच बोलणं. राजदूत आपल्या पगारासाठी बोलत नसतो. हा धंदा खरं तर असा, की जिथं बाईला सर्वात कमी अडचण यावी. तरीही जगात सर्वात उशिरा उघडलेल्या दारांमध्ये त्याचं दार आहे.

[दृश्य : दूतावासांच्या इमारती, झेंडे, बंद फाटकं.]

ब्रिटननं आपल्या परराष्ट्र सेवेत बायकांना घेतलं १९४६ साली, आणि लग्न केलं की नोकरी सोडायची हा नियम ठेवला १९७३ पर्यंत. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी चोनिरा मुथम्मा यांना लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणाऱ्या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. २०१४ सालच्या जवळपास सात हजार राजदूतांच्या नेमणुका स्वीडनमधल्या दोन अभ्यासकांनी मोजल्या. ८५ टक्के पुरुष. आणि ज्या राजधान्यांचं लष्करी वजन मोठं, तिथं बाई नेमली जाण्याची शक्यता कमी.

तरी काही जणी पोहोचल्या. इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या बोलण्यांमध्ये अमेरिकेच्या बाजूनं मुख्य बोलणी करणाऱ्या होत्या वेंडी शर्मन, आणि युरोपीय संघाच्या वतीनं आधी कॅथरीन ॲश्टन, मग फेदेरिका मोगेरिनी. इराणी मुत्सद्दी परस्त्रीशी हात मिळवत नाहीत. मान लववून नमस्कार होत असे. शर्मन यांनी अनेकदा सांगितलंय की त्या खोलीत आपण वेंडी नव्हतो, अमेरिका होतो. समोरच्याला अमेरिकेशी बोलायचं होतं, बाईशी बोलायचं की नाही हा प्रश्नच उरत नव्हता.

पण त्यांनीच लिहिलेला एक प्रसंग याच्या उलट वाटतो. २०१५ चा उन्हाळा, व्हिएन्ना. आठवडे उलटलेले, झोप नाही. मसुद्यातला एक मुद्दा मिटला असं वाटत असताना इराणचे अब्बास अराघची यांनी पुन्हा हरकत काढली. शर्मन यांचा संयम सुटला. त्या बोलायला लागल्या, आणि रागानं डोळ्यांत पाणी आलं, थांबेना. त्या बोलतच राहिल्या. समोर बसलेले इराणी गप्प झाले. आणि अराघचींनी हरकत मागे घेतली.

अश्रूंनी काम केलं, असं म्हणून हा किस्सा सांगण्याची पद्धत आहे. मला तो तसा दिसत नाही. पुरुष रागावतो तेव्हा टेबलावर मूठ आपटतो, आणि त्याला ठामपणा म्हणतात. रागावलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर त्याला दुबळेपणा म्हणतात, म्हणून बायका वर्षानुवर्षं ते गिळायला शिकतात. त्या दिवशी गिळता आलं नाही, आणि समोरच्यांना कळलं की या बाईनं आता शेवटचं टोक गाठलंय, यापुढे ताणलं तर तुटेल. वाटाघाटीत समोरच्याला खरोखर पटवायची गोष्ट हीच तर असते.

समोरचा काय ऐकतो, हे बोलणारा कोण यावरून ठरतं. इस्रायली संशोधक इफात माओझ यांनी २००९ साली हे एका प्रयोगात दाखवलं. इस्रायली ज्यू विद्यार्थ्यांना त्यांनी पॅलेस्टिनी बाजूकडून आलेला म्हणून एक तडजोडीचा प्रस्ताव वाचायला दिला. काहींना सांगितलं, तो पुरुषांनी मांडलाय. काहींना सांगितलं, बायकांनी. प्रस्ताव अक्षरशः एकच. बायकांच्या नावावर असलेला प्रस्ताव विद्यार्थ्यांना जास्त बरा वाटला. शत्रूच्या बाजूची बाई कमी धोकादायक वाटते, म्हणून तिचं म्हणणं कानात तरी शिरतं. याचा फायदा घ्यावा का? मला वाटतं, रक्त सांडत असताना ज्या दारातून आत जाता येईल त्यातून जावं. पण ही जपून वापरायची गोष्ट आहे. बाई सौम्य असते या समजुतीवर जागा मिळाली, तर कठोर व्हायची वेळ आल्यावर तीच समजूत गळ्याशी येते.

[दृश्य : बेलफास्ट. भिंतींवरची चित्रं, काटेरी तारा, मतदान केंद्र.]

उत्तर आयर्लंडकडे वळू. इथं जरा थांबायचंय.

१९९६. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांमधल्या जवळपास तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर सर्वपक्षीय बोलणी ठरतात. बोलण्यांना कोण बसणार हे निवडणुकीनं ठरणार, आणि पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा नक्की. कॅथलिक घरातल्या मोनिका मॅकविल्यम्स आणि प्रॉटेस्टंट घरातल्या पर्ल सेगर यांच्यासह काही बायकांनी हा नियम नीट वाचला. बायकांना जागा द्या, असं त्यांनी आधी प्रस्थापित पक्षांना लिहून कळवलं होतं. कुणी दाद दिली नव्हती. मग हातात काही आठवडे असताना त्यांनी स्वतःचाच पक्ष काढला : उत्तर आयर्लंड महिला आघाडी. मतं मिळाली जेमतेम एक टक्का. क्रमांक नववा. म्हणजे दोन खुर्च्या.

सभागृहात त्या बोलायला उभ्या राहिल्या की समोरून गाईसारखं हंबरण्याचे आवाज काढले जात. हे निवडून आलेले प्रतिनिधी होते. त्या दोघी बोलत राहिल्या, आणि टोमणे मारणाऱ्यांची नावं आपल्या कार्यालयात लावायला लागल्या.

त्यांनी केलं काय? एक तर, ज्या पक्षांना एकमेकांचं तोंड पाहायचं नव्हतं, त्या दोन्हीकडे जात राहिल्या. या आघाडीत कॅथलिक होत्या तशा प्रॉटेस्टंटही, त्यामुळे त्यांना दोन्ही दारं उघडी होती. सोमालियातल्या सहाव्या कुळासारखंच हे. आणि दुसरं म्हणजे, त्यांनी असे विषय आणले जे बाकी कुणाच्या यादीतच नव्हते. बाकीचे पक्ष सत्तावाटप, शस्त्रं, कैद्यांची सुटका, सीमा यांवर झगडत होते. ते विषय मोठेच होते. पण ज्यांची माणसं मेली त्यांचं काय? दंगलग्रस्त वस्त्यांमधल्या तरुण पोरांचं काय? दोन्ही पंथांची मुलं एका शाळेत बसतील का, दोन्ही पंथांची कुटुंबं एका गल्लीत राहतील का? १० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या गुड फ्रायडे करारात बळी पडलेल्यांविषयी, एकत्र शाळांविषयी, मिश्र वस्त्यांविषयी जे शब्द आहेत, ते या आघाडीच्या चिकाटीमुळे आहेत. सामान्य नागरिकांचा एक मंचही त्यांनी करारात घालून घेतला.

त्याच वर्षी जानेवारीत, बोलणी फिसकटण्याच्या बेतात असताना, ब्रिटनच्या मंत्री मो मोलम सरळ मेझ तुरुंगात गेल्या आणि लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या बाजूच्या, शिक्षा झालेल्या बंदूकधाऱ्यांशी समोरासमोर बोलल्या. मोठी टीका झाली. पण त्या कैद्यांनी आपल्या पक्षांना बोलण्यांत राहू दिलं.

पुढचंही सांगायला हवं. तो नागरी मंच २००२ मध्ये बंद पडला, तो पुन्हा तसा उभा राहिलाच नाही. महिला आघाडी २००३ च्या निवडणुकीत हरली आणि २००६ मध्ये विसर्जित झाली. शाळा अजूनही बहुतांशी वेगवेगळ्याच भरतात. करारात शब्द घालणं आणि तो शब्द जगवणं ही दोन कामं आहेत. दुसऱ्या कामाच्या वेळी खोलीत कोण उरतं, याकडे आपलं लक्ष फार कमी असतं.

[दृश्य : मोकळी सभागृहं, लांब टेबलं, नावाच्या पाट्या.]

३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १३२५ मंजूर केला. अध्यक्षपद तेव्हा नामिबियाकडे होतं. युद्ध थांबवण्याच्या आणि शांतता टिकवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर बायकांचा सहभाग हवा, असं परिषदेनं पहिल्यांदा लेखी म्हटलं. आता १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांचे आकडे पाहा. वाटाघाटी करणाऱ्यांत बायका सरासरी १३ टक्के. मध्यस्थांमध्ये ६ टक्के. सह्या करणाऱ्यांत ६ टक्के.

आणि बायकांच्या सह्या असलेल्या करारांचं काय होतं? तीन संशोधकांनी १९८९ ते २०११ या काळातल्या ४२ संघर्षांतले ८२ करार तपासले. जिथं बायकांची सही होती, तिथं शांतता जास्त टिकली आणि करारातली कलमं जास्त प्रमाणात अमलात आली. असे करार मुळात मोजकेच, म्हणून यातून फार मोठे निष्कर्ष काढायला मी धजणार नाही. पण त्यांना सापडलेलं कारण मला पटतं : सही करणाऱ्या बायकांचे धागे खोलीबाहेरच्या बायकांच्या संघटनांशी जुळलेले होते. त्या बाहेरचं आत आणत होत्या, आणि आत काय ठरलं ते बाहेर नेत होत्या. सही केल्यावर विचारायला येणारं कुणीतरी दारात उभं होतं.

[दृश्य : आक्रा, घाना. पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांची रांग.]

कधी कधी ते दार अडवावंही लागतं. जुलै २००३. लायबेरियाच्या गृहयुद्धावरची बोलणी घानाची राजधानी आक्रा इथं चालू होती. बंडखोरांचे नेते चांगल्या हॉटेलांत राहत होते, मंत्रिपदांची वाटणी करत होते. आणि तिकडे लायबेरियाच्या राजधानीवर, मनरोव्हियावर, तोफगोळे पडत होते. लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सोबतिणी, ख्रिस्ती आणि मुस्लिम दोन्ही, गेले काही महिने मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात पांढऱ्या कपड्यांत बसत आल्या होत्या. आक्रात त्यांना खुर्ची नव्हती. म्हणून त्या सभागृहाच्या दारातच हातात हात अडकवून बसल्या. आतल्या कुणालाही बाहेर पडू द्यायचं नाही.

सुरक्षा कर्मचारी ग्बोवी यांना अटक करायला आले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, मीच कपडे उतरवते. आईच्या वयाच्या बाईला उघडं पाहावं लागणं हा पश्चिम आफ्रिकेत पाहणाऱ्याला लागणारा शाप मानतात. कर्मचारी मागे सरले. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर बाहेर आले आणि त्यांच्याशी बोलले. ते स्वतः नायजेरियाचे माजी लष्करी राष्ट्रप्रमुख. पण दार अडवणाऱ्या या बायका म्हणजे आपल्या हाती आलेलं बळ आहे हे त्यांना उमगलं असावं. त्यांनी आतल्यांनाच सुनावलं. त्यानंतर बोलण्यांचा सूर बदलला. ११ ऑगस्टला लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर देश सोडून गेले, १८ ऑगस्टला करार झाला. याला एकट्या त्या बायका कारण नव्हत्या. बंडखोर राजधानीत घुसले होते, बाहेरच्या देशांचा दाब होता. पण खोलीतली सुस्ती त्यांनी मोडली, एवढं नक्की.

दार अडवणाऱ्या बायकांना मग बाजूच्या खोलीत बसवण्याची युक्तीही निघाली. सीरियाच्या बोलण्यांसाठी २०१६ मध्ये जिनिव्हात महिला सल्लागार मंडळ नेमलं गेलं. त्यांनी कष्टानं मतं मांडली. पण सल्ला देणारीला नकार देता येत नाही. ज्याच्या नाही म्हणण्यानं बोलणी थांबू शकतात, तोच वाटाघाटीत असतो. बाकी सगळे पाहुणे.

फिलिपिन्समध्ये मिरियम कोरोनेल-फेरेर पाहुण्या नव्हत्या. राज्यशास्त्राच्या या प्राध्यापिका २०१२ च्या अखेरीस सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार झाल्या. समोर मोरो इस्लामिक मुक्ती आघाडी, पुरुषांच्या नेतृत्वाखालचं बंडखोर सैन्य. शस्त्रं खाली ठेवण्याचं परिशिष्ट, महसुलाच्या वाटणीचं परिशिष्ट, समुद्रावरचा हक्क : सगळे रूक्ष, कठीण विषय त्यांनी हाताळले. २७ मार्च २०१४ रोजी सर्वंकष करारावर सरकारच्या वतीनं सही केली ती त्यांनी. त्या खोलीतल्या त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या बाजूला बऱ्याच बायका होत्या आणि बंडखोरांनीही पुढे आपल्या बाजूनं स्त्री सल्लागार आणल्या. त्यामुळे प्रत्येक वाक्य सगळ्या स्त्रीजातीच्या वतीनं बोलायची पाळी त्यांच्यावर आली नाही.

[दृश्य : मॉस्को. मोठं सभागृह, दोन्ही बाजूंना शिष्टमंडळं.]

ती पाळी हबिबा सराबी यांच्यावर आली. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि तालिबान यांच्यात दोहा इथं करार झाला. सप्टेंबरमध्ये अफगाणांची आपसांतली बोलणी सुरू झाली, तेव्हा सरकारच्या २१ जणांच्या शिष्टमंडळात चार बायका होत्या. त्यातल्या फौजिया कूफी यांच्यावर महिनाभर आधीच गोळीबार झाला होता. त्या जखमी हातानिशी आल्या. तालिबानच्या बाजूला एकही बाई नव्हती.

मार्च २०२१ मध्ये एक बैठक मॉस्कोत झाली. या वेळी सरकारच्या बाजूनं एकच बाई गेली : सराबी, एका अफगाण प्रांताच्या पहिल्या महिला राज्यपाल. पुरुषांनी भरलेल्या त्या सभागृहात त्यांनी विचारलं की या खोलीत मी एकटीच बाई का? युद्ध आम्ही केलं नाही, शांततेत मात्र आमची भर नक्की पडेल.

त्या बैठकीचं छायाचित्र आजही सापडतं. रांगेनं पगड्या, दाढ्या, सूट. त्यांत एक डोक्यावरची ओढणी, शोधावी लागते अशी. पाच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, काबूल पडलं.

[दृश्य : तेच छायाचित्र. कॅमेरा हळूहळू त्या एका चेहऱ्याजवळ जातो. आवाज नाही.]